ढिगाला हात लावायचा नाही

आत्याने शेडमधल्या ढिगावरच्या कणसातला एक दाणा नखाने उचकटला, दाढेखाली धरला आणि चावला. कट् असा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. दाणा मेणासारखा चपटा झाला आणि दाढेला चिकटून बसला. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला, तेच.

मका ओला असला की काय होतं, हे या घरातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. तीन पिढ्या मका सोलायची यंत्रं बनवतायत, दुसरं काय येणार त्यांना. ओला दाणा कणसाला सोडत नाही. आतला ड्रम फिरतो, त्याचे दाते कणसाला ठोकतात, पण दाणा सुटण्याऐवजी चेंगरतो, त्याचा लगदा जाळीत बसतो आणि यंत्राचा घसा धरतो. बरं, मका फार वाळवला तरी पंचाईत. मग दाणा सुटतो चटकन, पण दात्याचा फटका बसला की फुटतो, आणि फुटक्या दाण्याला बाजारात कुत्रं विचारत नाही. ना ओला ना कडकडीत, असा मका मिळाला तर यंत्र गाणं म्हणत चालतं. पण तसा तो मिळतो कधी? आणि उद्या सकाळी तर याच ढिगावर ठिणगीचं यंत्र चालणार होतं.

ठिणगी म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची, दादांची लेक, आत्याची भाची. लहानपणी वेल्डिंगच्या कोपऱ्यातून हलायची नाही म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं. पुढे ती इंजिनीयर होऊन आली, चष्मा लागला, तरी नाव काही सुटलं नाही. तिने वर्षभर खपून एक नवं यंत्र केलं होतं. आजोबांच्या जुन्या यंत्रात, ज्याला सगळं घर ‘म्हातारा’ म्हणायचं, ड्रम आणि जाळी यांच्यातली फट कायमची ठरलेली होती. मका तिला मानवला तर मानवला, नाहीतर तुमचं नशीब. ठिणगीच्या यंत्राला एक दांडा होता. तो सरकवला की फट कमीजास्त व्हायची, दुसऱ्या चाकाने ड्रम सावकाश किंवा जोरात फिरायचा. लोकांना हल्ली मका वाळवत बसायला वेळ नसतो, तिचं म्हणणं, शेतातून जसा येईल तसा तो सोलता आला पाहिजे.

यावरून गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर महाभारत झालं होतं. दादा म्हणाले की शेतकऱ्याने मका नीट वाळवून आणावा, यंत्राने त्याचे लाड करू नयेत. धाकटा भाऊ, जो कारखान्याची विक्री बघायचा, त्याला जुनंही नको होतं आणि नवंही. त्याच्या मते आता बनवायची खटपट बंद करून दुसऱ्यांची तयार यंत्रं काचेच्या दुकानात मांडून विकावीत, हाताला तेल लागायला नको. आणि वहिनी, ठिणगीची सख्खी आई, ती सगळ्यांच्या वर कडी करून म्हणाली की पोरीला बंदराच्या शहरातल्या त्या मोठ्या कंपनीने बोलावलंय तर जाऊ दे तिला, इथे लोखंडाच्या धुळीत आयुष्य घालवण्यापेक्षा बरं. आत्या एकटी भाचीच्या बाजूने भांडली, आणि भांडताना तिचा आवाज एवढा चढला की मुद्दा कुणाला ऐकूच गेला नाही. शेवटी दादांनी हात वर केला. येत्या रविवारी ठिणगीने आख्खा ढीग सोलून दाखवायचा. फुटके दाणे कमी निघाले, कणसावर दाणा राहिला नाही, तर पुढच्या हंगामात कारखान्यात तिचंच यंत्र बनवायला घ्यायचं आणि शेड तिच्या हातात. नाही जमलं, तर तिने त्या कंपनीला हो म्हणायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. ठिणगी ‘चालेल’ म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

आत्याला ती जायला नको होती, बस. आत्याने लग्न केलं नाही. उभं आयुष्य याच घरात आणि याच कारखान्यातल्या रंगकामात गेलं. घरात माणसं होती, पण संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर शेजारी येऊन बसणारी आणि ‘आत्या, तुला काय वाटतं?’ असं खरोखर विचारणारी एकच होती. ती गेली तर आपण कुणाशी बोलायचं, हा विचार आला की आत्याला घास गिळवत नव्हता.

मग तिने काय केलं, तर शनिवारी दुपारी कामगार घरी गेल्यावर ढिगाच्या वरची कणसं पाट्यांत भरली आणि रंग वाळवायच्या खोलीत नेली. या खोलीत रंगवलेले पत्रे टांगून गरम हवा सोडतात. आत्याने पत्र्यांच्या जागी कणसं पसरली, हवा सोडली आणि बाहेर स्टुलावर बसून पहारा दिला. चहाच्या वेळेपर्यंत कणसं खडखडीत झाली. ती तिने ढिगावर पुन्हा नीट रचून ठेवली, वरचा एक दाणा चावला, कट् असा आवाज आला, आणि आत्या हात झटकत घरी गेली. त्या दिवशी तिने चहाबरोबर नेहमीपेक्षा जास्त बिस्किटं खाल्ली.

रविवारी सकाळी शेडमध्ये सगळे जमले तेव्हा एखादं लग्न असावं असा थाट होता. धाकट्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनीने थर्मासमधून चहा आणला होता आणि लेकीकडे बघायचं टाळत होती. दादांसाठी खुर्ची ठेवली होती, पण ते तिच्या पाठीला धरून उभेच राहिले. ठिणगीने केस घट्ट बांधले, चष्मा पुसला, आणि काकाला विचारलं की कणसं घालायला तो उभा राहील का. धाकटा म्हणाला, राहतो की, त्यात काय, आणि बाह्या दुमडल्या. इस्त्रीचा शर्ट घालून माणूस हे का करतो, असा प्रश्न आत्याला पडला.

दाराजवळच्या बाजूने पहिली पाटी भरली. मोटर सुरू झाली, पट्टा फिरला, आणि काय सांगावं, यंत्राने नुसती धार धरली. खालून पिवळे टपोरे दाणे, मागून दाणे निघालेली मोकळी बुरकुंडं, एकावर दाणा शिल्लक असेल तर शपथ. धाकट्याने शीळ घातली. दादांनी मूठभर दाणे घेऊन बघितले आणि मान हलवली. मान जरा लवकरच हलवली, हे आत्याच्या लक्षात आलं, पण आनंदाच्या भरात तिने ते सोडून दिलं.

दुसरी पाटी ढिगाच्या वरून घेतली. ती आत पडली मात्र, आवाज पालटला. तडतड, तडतड, पत्र्यावर खडे पडावेत तसा. ठिणगीने लगेच चाक फिरवून ड्रम मंदावला, फट वाढवली, तरी खाली अर्धे दाणे दोन तुकडे होऊन आले. आत्याला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. ही तिचीच कणसं. तिनेच शेकलेली.

तिसरी पाटी बाजूने उपसली. ठिणगीने फट पुन्हा बदलेपर्यंत आतून घुरघुर आली, बुरकुंडांचा ओला भुसा जाळीत जाऊन बसला, पट्टा घसरायला लागला आणि रबर जळल्याचा वास सुटला. ठिणगीने मोटर बंद केली. वहिनी थर्मासचं झाकण उघडत होती आणि लावत होती. दादा म्हणाले, "म्हातारा असता तर," आणि पुढे काही बोलले नाहीत, कारण म्हाताऱ्याने या ढिगापुढे पहिल्याच पाटीला मान टाकली असती हे त्यांनाही कळत होतं.

ठिणगी रडेल असं आत्याला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने कोपरापर्यंत हात ढिगात घातला, इथून एक, तिथून एक अशी कणसं काढली, प्रत्येकाचा दाणा चावून बघितला आणि ती कणसं बाकावर ओळीने मांडली.

"बाबा, हा मका एकाच शेतातला ना?" तिने विचारलं.

दादा म्हणाले, हो, एकाच.

"मग एका ढिगात चार हवामानं कशी?" ती म्हणाली. "हे बघा, हे वरचं. भाजल्यासारखं आहे, दाण्याला आत आधीच तडे गेलेत. हे बाजूचं वरून ओलं आणि आत कोरडं. हे मधलं शेतातून आलं तसंच दमट. आणि दाराजवळचं हे तर आपलं नाहीच, दाणा वेगळा आहे. काल इथे कोण कोण आलं होतं?"

धाकटा पट्ट्याकडे बघत होता, वहिनी थर्मासकडे. आत्याच्या पोटात काही राहत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तिला स्वतःलाही. ती फार वेळ दम धरूच शकली नसती.

"मी वाळवली," ती म्हणाली. "रंगाच्या खोलीत. ओली होती ग, दाढेला चिकटत होती. मला वाटलं, तुझी जाळी तुंबेल."

"तरीच!" धाकटा ओरडला आणि लगेच जीभ चावली. पण बाण सुटला होता. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी संध्याकाळी तो सहज, अगदी सहज, इकडून चालला होता. सहज त्याने वरचा दाणा चावला, तर काय, दगड. हे उद्या फुटणार, पोरीचं हसं होणार, म्हणून त्याने बागेची झारी आणून ढिगावर पाणी शिंपडलं आणि ओली पोती झाकून गेला. वाळलेल्या दाण्यावर पाणी पडलं की तो मऊ होत नाही, उलट आणखी तडकतो, हे त्याला माहीत असायला हवं होतं. होतंही, पण घाईत आठवलं नाही.

"काका, तुम्ही?" ठिणगी म्हणाली. "तुम्हाला तर हे यंत्र नकोच होतं."

"नकोच आहे," धाकटा म्हणाला. "माझं काचेचं दुकान मला अजून हवंय. पण म्हणून तू सगळ्यांसमोर तोंडावर पडावीस असं कधी म्हटलं मी?"

आता वहिनीला गप्प राहणं जड झालं. ती भल्या पहाटे आली होती. पोती ओली बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी मुद्दाम केलंय असं तिला वाटलं आणि तिला पहिला संशय आला तो धाकट्यावर, जो खरा होता, पण कारण चुकीचं होतं. तिने पोती फेकली, आणि अंगावरची चांगली साडी खोचून आख्खा ढीग खालीवर केला. ओली कणसं बाजूंना ढकलली, कोरडी वर ओढली. तिच्या बोटांना अजून ओरखडे होते, ते तिने पदरात लपवले होते.

आत्याला हे पटेना. तिने वहिनीला विचारलंच, "जाऊ दे तिला असं तूच म्हणत होतीस ना?"

"म्हणत होते, वन्सं," वहिनी म्हणाली. "अजून म्हणते. पण जायचं तर जिंकून जाऊ दे. हरून माझी लेक कुठे जायला नको."

आत्याला त्या क्षणी वहिनीला मिठी मारावीशी वाटली. एवढी वर्षं एका स्वयंपाकघरात काढून तिला ही बाई आज प्रथमच कळली होती. पण तेवढ्यात सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. कारण दाराजवळच्या पाटीचा हिशोब अजून लागायचा होता, आणि दादा वर छपराच्या पत्र्याकडे असे बघत होते जणू तो आजच बसवला होता.

"बाबा?" ठिणगी म्हणाली.

"थोडी बदलली," दादा म्हणाले. "पुढची, फक्त पुढची. मी घरी निवडून ठेवलेली होती, ती आणून ठेवली सकाळी. सुरुवात चांगली झाली की माणसाचा हात बसतो."

न्यायाधीशच फितूर. धाकटा आधी हसला, मग वहिनी तोंडावर पदर धरून हसायला लागली, आणि आत्या तर बाकावर बसून डोळे पुसत हसली. चौघांनी चार वेळा पोरीला जिंकवलं होतं आणि चौघांनी मिळून तिला हरवलं होतं. अति तिथे माती म्हणतात ती ही. दादाही मिशीत हसत होते. आता ही परीक्षा झालीच नाही असं समजू, असं ते म्हणणार, हे आत्याला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

ठिणगी मात्र हसत नव्हती. तिने बाकावरची कणसं एकेक उचलून पाटीत टाकली.

"तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी केलंत, मला कळतंय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी हसू थांबलं. "पण एकाला तरी वाटलं का, की ढीग आहे तसाच राहू द्यावा, हिचं यंत्र सोलेल? आत्या, तू माझ्यासाठी भांडलीस, घसा बसेपर्यंत. तुलाही नाही वाटलं."

खरं होतं ते. तिला भाचीवर जीव होता, यंत्रावर विश्वास नव्हता, आणि हे दोन वेगळे आहेत हे तिला आत्ता, या बाकावर बसून, पहिल्यांदा दिसलं. पोरीने वर्षभर दांडा कसा सरकतो ते तिला चार वेळा समजावलं होतं. आत्याने प्रत्येक वेळी मान हलवली होती आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली होती, दांड्याकडे नाही.

ठिणगीने मग आपलं म्हणणं सांगितलं. त्याच शेतातून नवा मका आणायचा. तो ती स्वतः घर आणि शेड यांच्यामधल्या उघड्या ओट्यावर टाकणार. ऊन लागो, वारा लागो, कुणी हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी तसाच सोलायचा, बाबांची अट तीच. कंपनीकडून ती आठवडाभर मुदत मागून घेईल. आणि कुणी एक जरी कणीस हलवलं, तर ती परीक्षा न देताच निघून जाईल. एवढं बोलून ती जाळीत अडकलेला भुसा उपसायला खाली वाकली, आणि बाकीचे एकेक करून शेडबाहेर पडले.

त्या आठवड्यात त्या घरात जे हाल झाले ते विचारू नका. हात लावायचा नाही हे सांगायला सोपं आहे. पण ज्यांनी आयुष्यभर मक्याची ओल बोटांनी, दातांनी, नाकाने जोखली, त्यांच्या दारासमोर मक्याचा ढीग टाकून त्याकडे बघू नका म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधावर राखण बसवण्यासारखं झालं. दादांनी खुर्ची फिरवून ओट्याकडे पाठ केली आणि दर थोड्या वेळाने मान वळवून तिची पाठ नीट आहे ना ते बघू लागले. धाकटा ओट्याशी खिशात हात घालून उभा सापडला तेव्हा म्हणाला, आभाळ बघतोय. आत्या रंगाच्या खोलीत जाताना मुद्दाम लांबून, मागच्या बोळातून जायची. एकदा दुपारी तिला राहवेना, नुसता एक दाणा चावून बघते, कुणाला कळणार, असं म्हणत ती दारापाशी आली, तर समोरून वहिनी तशीच पाऊल न वाजवता येत होती. दोघी थबकल्या. मग एकमेकींचा हात धरून दोघी स्वयंपाकघरात आल्या, आणि तिथे बसून बराच वेळ ठिणगी गेली तर काय आणि राहिली तर काय, यावर बोलल्या. एवढ्या वर्षांत आत्या वहिनीशी इतकं मोकळं कधी बोलली नव्हती.

आणि रविवारी उजाडताच भुरभुर सुरू झाली.

पावसाचे दिवसही नव्हते. आत्या पायात सपाता अडकवून दारापाशी पळत आली तर वहिनी आधीच तिथे उभी. मागोमाग दादा आले, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. धाकटा आला तो काखेत ताडपत्रीची गुंडाळी घेऊनच. चौघं छपराखाली एका रांगेत उभे राहिले आणि समोर ओट्यावर कणसं भिजत होती. ओटा तिथून हातभर अंतरावर होता. ताडपत्री उलगडली असती तर श्वास घ्यायच्या आत झाकलं गेलं असतं.

"झाकायला हवं," दादा म्हणाले आणि पाऊल उचललं. वहिनीने त्यांचं कोपर धरलं. ते सोडलंच नाही.

दादा थांबले. धाकट्याने ताडपत्री या काखेतून त्या काखेत घेतली. आत्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, कारण पुढे ठेवले तर ते काय करतील याची तिला खात्री नव्हती. ओटा काळा पडत होता, कणसांवर पाणी चमकत होतं, आणि प्रत्येक थेंब आपल्या अंगावर पडतोय असं तिला होत होतं. सोलेल, ती मनात म्हणत होती. दांडा सरकवला की फट वाढते, चाक फिरवलं की ड्रम मंदावतो, आणि ते सोलेल. तिला एकदम जाणवलं की ती देवाचा धावा करत नव्हती, यंत्राची कृती पाठ म्हणत होती.

भुरभुर थांबली तेव्हा ठिणगी जिना उतरून आली. तिने ओट्याकडे बघितलं, मग या चौघांकडे, मग धाकट्याच्या काखेतल्या न उलगडलेल्या ताडपत्रीकडे.

"कुणीच गेलं नाही?" तिने विचारलं.

"तू नको म्हणाली होतीस ना," आत्या म्हणाली.

ठिणगीने चष्मा काढला आणि तो पुसत बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. दादांनी घसा साफ करून सुचवलं की जरा वारा लागू दे, दुपारी घेऊ. ती म्हणाली, नाही, आत्ताच घेऊ, लोक असाच तर आणतात. तिने एक कणीस बाहीला पुसलं, दाणा चावला, आणि दांड्यापाशी जाऊन उभी राहिली. फट सैल केली, ड्रम मंद ठेवला, यंत्रातला भुसा उडवणारा पंखा मात्र मोठा केला, म्हणजे ओला भुसा जाळीवर बसायच्या आत उडून जाईल. धाकट्याने पाटी भरली. तो आज जुन्या शर्टात होता.

यंत्र गाणं म्हणालं नाही. कुरकुरलं, खाकरलं, एकदा अडलंसुद्धा. पण ठिणगी कान देऊन उभी होती. आवाज जड झाला की तिचा हात दांड्यावर जायचा, आवाज मोकळा झाला की चाकावर. खाली दाणे पडू लागले, वरून ओलसर, पण सबंध. दादा वाकले आणि मागून पडलेलं एक बुरकुंड उचलून अंगठ्याने सगळीकडून चाचपलं. मग दुसरं. मग दाण्यांची मूठ भरून तळहातावर पसरली, एका बोटाने चाळली, आणि त्यांना फुटका दाणा शोधावा लागला. आत्याने ते बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत.

"मग?" धाकटा मोटरच्या आवाजावर ओरडला. "निकाल काय, दादा?"

आजोबा गेल्यापासून या शेडमध्ये दादा फक्त हुकूम द्यायला उभे राहिले होते, कुणाच्या यंत्रात कणीस घालायला कधीच नाही. त्यांनी दाण्यांची मूठ खिशात टाकली, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, धाकट्याला हाताने बाजूला केलं आणि त्याच्या जागी जाऊन उभे राहिले. ओट्यावरून पाटी शिगोशीग भरून त्यांनी यंत्राच्या तोंडापाशी आणली आणि लेकीकडे बघितलं.

"किती घालू?" त्यांनी विचारलं.

ठिणगीची नजर जाळीवर होती. "अर्धी," ती म्हणाली. "आणि बाबा, मी सांगेपर्यंत पुढची नको."

"बरं," दादा म्हणाले. त्यांनी अर्धी कणसं पुन्हा ओट्यावर ओतली, उरलेली यंत्रात सोडली, आणि रिकामी पाटी हातात धरून ती सांगेपर्यंत थांबले.